‘सेक्युलर’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात पाहिला की वाद मिटतो, अशी आपली समजूत असते. ‘सेक्युलर’ हा शब्द त्याला अपवाद आहे. मराठीत त्याला निधर्मी, धर्मनिरपेक्ष, इहवादी असे प्रतिशब्द रूढ आहेत. पण निधर्मी म्हणजे ज्याला धर्मच नाही तो, आणि इहवादी म्हणजे या जगापुरते पाहणारा. तिन्ही एक कसे?

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला. मराठी प्रतीत तेथे ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदीत मात्र ‘पंथनिरपेक्ष’. ‘सर्व धर्मांना समान आदर’ ही व्याख्या १९७८ च्या दुरुस्ती विधेयकात सुचवली गेली, पण राज्यसभेने ती स्वीकारली नाही. शब्द राहिला, व्याख्या राहिली नाही.

वास्तविक हा शब्द मूळ घटनेतही आहे. धर्माचरणाशी निगडित आर्थिक, राजकीय व इतर ‘सेक्युलर’ व्यवहारांचे नियमन राज्याला करता येईल, असे कलम २५ सांगते. तेथे त्याचा अर्थ सरळ ‘लौकिक’ असा होतो. पूजा भक्ताची, देवस्थानचा हिशेब लौकिक.

आमच्या वैजापूरकडे ‘निधर्मी राज्य’ म्हटले की वडीलधारी माणसे विचारतात, “मग आम्ही वारी सोडायची का?” पूजा आणि हिशेब यांतला फरक सांगितला की त्यांची शंका फिटते. चुकीच्या प्रतिशब्दाने माणूस घटनेलाच परका होतो. म्हणून शब्दाचा अर्थ विचारताना आधी तो कोणत्या वाक्यात आला आहे हे पाहावे, असे मला वाटते.