जंगलवाटेसाठी सायकलचे चाक कोणत्या मापाचे घ्यावे?

व्यापारी व कारागीर बंधूंनो! अहेरीहून आलापल्ली आणि तेथून पुढे एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या वाटांवर आता मोटारसायकली धावतात. तरी थोड्या भांडवलाच्या फेरीवाल्याला सायकलच परवडते. मात्र कापडाचे गाठोडे लादून आडवाटेने बाजार करायचा तर चाकाचे माप आधी पाहावे. वाटेत टायर गेला आणि जुळणारा मिळाला नाही, तर तो बाजार बुडाला. आठवडी बाजार पुन्हा आठ दिवसांनीच भरतो.

कापड घेताना आम्ही पन्हा स्वतः मोजतो. टायरचेही तसेच करावे. नुसते ‘२६ इंची’ म्हटल्याने माप ठरत नाही. टायरच्या बाजूला मिलिमीटरमध्ये माप उठवलेले असते, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा, रिमवर टायर बसतो त्या जागेच्या व्यासाचा. हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

१) २८ × १½, जुनी दांडीची सायकल : ६३५
२) २६ × १⅜ : ५९०
३) २६ × १½ : ५८४ (नवे २७.५ इंची चाकही ५८४ च)
४) २६ × १.९५, रेंजर पद्धतीची : ५५९
५) २९ इंची : ६२२

म्हणजे ‘२६’ नावाची तीन मापे झाली, आणि एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. २९ इंचीची रिम तर २८ इंचीपेक्षा १३ मि.मी.ने लहान आहे!

आता गुणदोष पाहू. २८ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते व खाचखळग्यांवरून सहज निघते. पण त्याचा टायर अरुंद असल्याने प्राणहितेच्या वाळूत व पावसाळी चिखलात रुततो. ५५९ चे चाक फेऱ्याला सुमारे दोन मीटर जाते, म्हणून त्याच दात्यांवर चढाला हलके पडते. त्याचे स्पोक आखूड, म्हणून ओझ्याखाली चाक लवकर आउट होत नाही. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की वाळूतही ते चालते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील तरुणांनी १९७० च्या दशकात असेच फुगीर २६ इंची टायर डोंगरउतारावर वापरले व ते माप जगभर पसरले.

तेव्हा आमचा सल्ला असा : पक्क्या सडकेवर मोठे ओझे न्यायचे असेल तर २८ × १½ पुरेसे आहे. कच्ची वाट व वाळू जास्त असेल तर ५५९ घ्यावे. २९ इंची चाक खड्ड्यांवर उत्तम चालते, पण त्याचे टायर-ट्यूब आपल्या बाजारगावच्या पंक्चरवाल्याकडे मिळतात का, हे आधी विचारावे. जे माप तेथे मिळत नाही, ते कितीही चांगले असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

निघताना एक जादा ट्यूब व पंप बरोबर ठेवावा आणि रिमचा आकडा वहीत लिहून ठेवावा. सायकल-सामान विकणाऱ्या बंधूंनीही आकडा विचारूनच टायर द्यावा. मापाचा चोखपणा हाही इमानाचा भाग आहे. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.