जडीबुटीचा व्यापार : ओला माल झाकू नका

बुलडाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, बेहडा, आवळा, सालईचा डिंक, सफेद मुसळी अशी जडीबुटी बाजारात येते. या धंद्यात ओल म्हणजे वजन आणि वजन म्हणजे पैसा. ताजी मुसळी सोलून वाळवली की चौथा-पाचवा हिस्साच उरतो. म्हणून अर्धवट सुकलेला माल गोणीच्या तळाशी दडपण्याचा मोह होतो. पण ओल्या मुळीला बुरशी धरते आणि ती रोग्याच्या पोटात जाते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आपणही मुळी कट्‌कन मोडेपर्यंत वाळवू, ओला-सुका माल वेगळा मांडू, भावही वेगळा सांगू. बरकत त्यातच आहे.