चूल, आगटी आणि हॉटेलचे टेबल



मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहणाऱ्या नोकरदार तरुणाचे जेवण तीन ठिकाणी होते. रोज घरच्या ओट्यापाशी, हिवाळ्यातल्या सुटीला उघड्यावरच्या विस्तवापाशी, आणि काही साजरे करायचे असले की हॉटेलात. कौतुक होते ते दुसऱ्या-तिसऱ्याचे. शिकायचे असते ते मात्र पहिल्यापाशी. ज्याला फोडणी न करपवता करता येते त्याला निखाऱ्याची धग ओळखता येते, आणि हॉटेलातल्या रश्श्यात मसाला किती व नुसते तेल किती, हेही त्यालाच कळते.

घरच्या स्वयंपाकाला सुरुवातीला पाच पदार्थ पुरतात: वरण-भात, मुगाची खिचडी, पिठले, एखादी परतलेली भाजी आणि भाकरी किंवा पोळी. इंटरनेटवर रोज नवा पदार्थ शोधणारा तरुण महिनाभरात थकतो आणि पुन्हा ॲपवरून जेवण मागवू लागतो. पाचच पदार्थ आलटून पालटून करणाऱ्याचा हात मात्र बसतो. मापासाठी वजनकाट्याची गरज नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली आले आणि घरोघर पोचले, त्याचे एक कारण त्यातली मापे वाटी-चमच्याची होती. खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ आणि चार वाट्या पाणी. पिठल्याला वाटीभर बेसन आणि सुमारे तीन वाट्या पाणी. वाटी कोणतीही चालते, फक्त एकदा धरलेली बदलू नये.

फोडणीत क्रम हेच सगळे आहे. तेल तापल्यावर मोहरी, ती पूर्ण तडतडल्यावर जिरे, मग हिंग आणि शेवटी हळद. हळद आधी पडली तर जळते आणि वरण कडवट होते. तेल तापण्याआधी मोहरी पडली तर ती दाताखाली कच्ची येते. तिखट घालायचे असेल तर आच बारीक करून, आणि लगेच त्यावर पाणी किंवा भाजी.

भाकरीला वेळ लागतो, पण ती शिकणे सोडू नये. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ गरम पाण्यात मळतात. गरम पाण्याने त्यातला स्टार्च फुगतो आणि गोळा एकजीव होतो. पीठ जुने असेल तर त्याची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. अशा वेळी दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. एकट्या-दुकट्याच्या घरात ज्वारीचे पीठ किलो-दोन किलोच्या वर आणू नये. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचे आणि ते सुकायच्या आत उलटायची. पाणी सुकू दिले की भाकरीला भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही.

शिजवलेल्या अन्नाबद्दल एक नियम काटेकोर पाळावा. भात, वरण, उसळ, मटण यांपैकी काहीही ओट्यावर दोन तासांहून जास्त राहू नये. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि भातातल्या जिवाणूंचे काही विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणे ही जुनी चांगली रीत आहे. मात्र तो भात रात्री फ्रिजमध्ये गेलेला हवा.

आता विस्तव. मॉलमध्ये मिळणारी लोखंडी बार्बेक्यू शेगडी आणि तिच्याबरोबरचा चिमटा-ब्रशचा संच विकत घेण्याआधी महाराष्ट्रात निखाऱ्यावर भाजण्याच्या ज्या रीती आहेत त्या एकदा तरी अनुभवाव्यात. त्या स्वस्त आहेत, आणि आच म्हणजे काय ते त्यांत उघड दिसते.

जळगावकडचे भरीत ही त्यांतली सर्वांत सोपी रीत. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे वांगे मोठे, फिकट हिरवे, पांढरट रेषांचे आणि कमी बियांचे असते. खानदेशात ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात, आणि त्यात भाजलेल्या मिरच्यांचा व लसणाचा ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे घालतात. जोडीला कळण्याची भाकरी किंवा पुरी. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा असा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारे त्या दिवसापासून ते पुन्हा खातात. हिवाळ्यात शेतात होणारी भरीत पार्टी ही खानदेशातली हक्काची मेजवानी आहे. शहरात गॅसवर भाजायचे झाल्यास वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचावे, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगे फुटते. धुराचा वास मात्र गॅसवर येत नाही आणि तो येईल अशी अपेक्षाही धरू नये.

हुरड्याला तर स्वयंपाकी लागतच नाही. ज्वारीचे दाणे दुधाळ अवस्था ओलांडून घट्ट होऊ लागतात पण अजून कोवळे असतात, त्या जेमतेम आठ-दहा दिवसांत कणसे आगटीत खुपसून भाजतात. आगटी म्हणजे शेतात केलेला खड्डा आणि त्यातला गोवऱ्यांचा विस्तव. कणीस गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढावे लागतात. थांबले की दाणा कोंड्याला धरून बसतो. चोळणारा एक आणि खाणारे दहा, असे दृश्य हुरडा पार्टीत नेहमी दिसते. ते टाळण्यासाठी चोळण्याची पाळी लावावी. सुरती आणि गुळभेंडी हे हुरड्याचे नावाजलेले वाण, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ खास हुरड्यासाठी काढलेला. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही, आणि वर ताक. पुण्या-नगरकडच्या कृषी पर्यटन केंद्रांत हुरड्याबरोबर बैलगाडी, झोके आणि भलेमोठे जेवण असा बेत विकतात. पोट जेवणाने भरले तर हुरड्याला जागा राहत नाही. म्हणून आधी आगटी, जेवण नंतर, आणि तेही बेताचे.

पोपटी या सगळ्यांत विचार करायला लावणारी आहे. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की ती लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात. हे शेताच्या बांधावर आपोआप उगवणारे उग्र वासाचे झुडूप. त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा. मधे बटाटे, रताळी, अंडी, आणि मांसाहारी मंडळी असतील तर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला ठासून भरतात, मडके जमिनीवर उलटे ठेवतात आणि भोवती पेंढा, झावळ्या, काटक्या रचून पेटवतात. आत थेंबभरही पाणी घालत नाहीत. शेंगांतला आणि पाल्यातला ओलावाच वाफ होऊन सगळे शिजवतो, आणि मडके उलटे असल्यामुळे ती वाफ वर निसटत नाही. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून पाहतात. चुर्र होऊन ते तत्काळ उडाले की पोपटी झाली असे धरतात. मडके उघडून पाहण्याची सोय नाही, आणि मजा नेमकी तिथेच आहे. एक सुधारणा मात्र सुचवण्यासारखी: शेंगा वर्तमानपत्रावर ओतण्याची सवय सोडावी. गरम, ओल्या अन्नाला छपाईची शाई लागते. केळीची पाने घ्यावीत, ती नसतील तर स्वच्छ परात.

शहरात कोळशाच्या शेगडीवर जाळी ठेवून कोंबडी, मासे, पनीर, मका भाजायचा असेल तर कोळसा लाकडी घ्यावा. तो पेटवायला रॉकेल ओतू नये. त्याचा वास थेट मांसाला येतो. ज्वाळा दिसत असताना काहीही जाळीवर ठेवण्याची घाई करणारे बाहेरून काळे आणि आतून कच्चे खातात. कोळशावर राखेचा पांढरा थर आला की भाजायला घ्यावे. निखारे एका बाजूला ओढून अर्धी जाळी प्रखर आणि अर्धी मंद ठेवली की निम्मे काम झाले: आधी प्रखर बाजूला रंग आणायचा, मग मंद बाजूला शिजवायचे. सुमारे 140 अंशांच्या वर प्रथिने आणि साखर यांच्या क्रियेतून तो तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो. लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन 1912 साली केले म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पाण्याने निथळणारा तुकडा या तापमानाला लवकर पोचत नाही. म्हणून मुरवणीसाठी वापरायचे दही आधी फडक्यात बांधून निथळून घ्यावे आणि तुकडे जाळीवर ठेवण्याआधी झटकावेत.

कोंबडीला दही, आले-लसूण, तिखट, हळद, मीठ लावून चार-पाच तास ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता येते. मटणाला कच्ची पपई लावायची तर तास-दोन तास पुरे. पपईतले पेपेन प्रथिने तोडते आणि वेळ वाढला की मटणाचा लगदा होतो. मासळीला लिंबू भाजण्याआधी थोडाच वेळ लावावे. बांगड्याला तर मीठ, हळद आणि तिखट एवढेच पुरते. कोकणात तो अंगच्याच तेलावर निखाऱ्यावर भाजला जातो आणि त्याला दुसरे काही लावणे म्हणजे त्याचा अपमान. कोंबडी आतून 74 अंशांपर्यंत तापलेली हवी. त्यासाठीचा टोचणीचा थर्मामीटर फार महाग नसतो. पुढे दूध, पाक, जिलबीचे तेल सगळ्यालाच तो कामी येतो. कच्च्या मांसाचे ताट आणि चिमटा वेगळा ठेवावा. आणि कोळशाची शेगडी काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा खोलीत कधीही पेटवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस गुंगीत जातो आणि त्याला ते कळतही नाही. गच्चीची परवानगी सोसायटीकडून आधी घ्यावी, आणि शेवटी निखाऱ्यांवर पाणी ओतून ते पूर्ण विझल्याची खात्री करावी.

अशा बेतात सगळ्यांत जास्त बिघडते ते कामाचे वाटप. ज्याला स्वयंपाक येतो तो रात्रभर शेगडीपाशी उभा राहतो आणि बाकीचे खुर्च्यांत. बाजार, चिरणे, विस्तव, वाढणे आणि भांडी अशी पाच कामे आधीच वाटून द्यावीत. भांड्यांचे काम कुणी आपण होऊन मागत नाही. ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

हॉटेलचे प्रकरण त्यामानाने लहान आहे. वाढदिवस, पहिला पगार, बढती, परीक्षेचा निकाल यांची ‘पार्टी दे’ अशी मागणी मित्रमंडळीत होतच असते. पार्टी देणाऱ्याने हॉटेल स्वतः निवडावे आणि नाव आधीच सांगावे; निवड मित्रांवर सोपवली की बजेट हाताबाहेर जाते आणि देणारा पुढचा महिना कुढत काढतो. वर्गणीचा बेत असेल तर टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, हे बसण्याआधी ठरलेले असावे. दारूचा हिशेब जेवणापासून वेगळा ठेवावा. न पिणाऱ्याच्या डोक्यावर ते पैसे घालणे हा उघड अन्याय आहे, आणि तो कुणी बोलून दाखवत नाही म्हणून अन्याय राहत नाही असे नाही. मंडळीत शाकाहारी, उपवासवाले, जैन असतील तर नुसते ‘व्हेजही मिळते’ यावर विसंबू नये. एकच पनीरची भाजी समोर घेऊन बसलेला मित्र पार्टीत नसतो.

जागा निवडताना त्या हॉटेलात काय चांगले मिळते ते पाहावे आणि तेच मागवावे. कोल्हापुरी मटणाच्या खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा आणि सुके मटण सोडून चायनीज मागवणाऱ्याला चव मिळाली नाही तर दोष खानावळीचा नाही. मालवणी ठिकाणी माशांचे ताट आणि सोलकढी. ताजे काय आले आहे ते वाढप्याला विचारावे, मेनू कार्डावरचे सगळे रोज येत नसते. आषाढात, विशेषतः श्रावण लागण्याआधीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, आखाड पार्ट्यांमुळे मटणाची हॉटेले तुडुंब असतात. रस्सा पातळ होतो, वाढपी थकलेले असतात आणि बाहेर रांग असते. त्याऐवजी तेच मटण आठवडाभर आधी खाल्ले तर दुप्पट चांगले लागते. आठ-दहा जण असतील तर आधी फोन करावा. पहिल्या खेपेला कमी मागवावे. नान आणि भात नेहमीच जास्त होतात.

बिल आले की वाचावे. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी असतो. सर्व्हिस चार्ज मात्र कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तो आपोआप बिलात लावण्यास मनाई केली, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. तो लावलेला असेल तर शांतपणे काढायला सांगावे. मॅनेजर ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. या मुद्द्यावर वाढप्याशी हुज्जत घालू नये, तो नियम त्याने केलेला नसतो. जेवण आणि वाढणे आवडले असेल तर कार्डाने बिल भागवल्यावरही बक्षिशी त्याच्या हातात रोख द्यावी.