मॅरँट्झच्या पाठीवरचे जंपर

वडगाव, बेळगाव

चि. सुहास यास,


तुझा निरोप मिळाला. आत्याच्या यजमानांनी अमेरिकेहून आणलेला मॅरँट्झ २२७० रिसीव्हर शेवटी तुझ्या खोलीत आला, हे बरे झाले. आता त्याला वेगळा अॅम्प्लिफायर जोडायचा म्हणतोस. जोड की, पण कशासाठी ते आधी ठरव. आवाज मोठा हवा म्हणून जोडणार असशील तर पैसे वाया जातील. मॅरँट्झचे चॅनलमागे ७० वॅट हे खरे ७० आहेत. वॅट किती, ते दोन्ही चॅनल एकदम चालवून मोजूनच सांगायचे असा नियम अमेरिकेत १९७४ साली आला. हा रिसीव्हर त्याच्याही आधीचा, पण आकडा प्रामाणिक. आपल्याकडे नव्वदच्या दशकात खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजार-हजार वॅट छापलेले असायचे. ती खोकी उघडली की आतला ट्रान्सफॉर्मर बघून हसू यायचे. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका.

तुझे स्पीकर ४ ओहमचे आणि जड आहेत, किंवा मॅरँट्झचा पॉवरचा भाग आता थकलाय, असे असेल तर मात्र वेगळा अॅम्प्लिफायर घेण्यात अर्थ आहे. रेडिओ, फोनोचा भाग आणि टोनची बटणे मॅरँट्झचीच ठेवायची, आणि स्पीकर ओढायचे काम दुसऱ्यावर सोपवायचे.

आता रिसीव्हर फिरवून त्याची पाठ बघ. ‘प्री आऊट’ आणि ‘मेन इन’ अशी भोके शेजारी-शेजारी आहेत, आणि त्यांना जोडणारे इंग्रजी यू अक्षरासारखे दोन छोटे धातूचे तुकडे. ते जंपर. रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीत बसवलेले दोन वेगळे अॅम्प्लिफायर असतात, प्री आणि पॉवर, आणि हे जंपर त्यांच्यातला पूल. ते उपटलेस की प्री आऊटमधून निघणारा सिग्नल तुला नव्या पॉवर अॅम्प्लिफायरकडे नेता येतो. मॅरँट्झचा आवाज, बास, ट्रेबल सगळे तिथवर चालते. जंपर मात्र पाकिटात घालून पेटीलाच चिकटव. ते हरवले की रिसीव्हर मुका होतो आणि लोक मेकॅनिककडे धावतात. दोन साध्या आरसीए तारांनीही काम भागते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्री आऊटची जागा ‘टेप आऊट’ घेऊ शकते, पण सगळीकडे नाही. टेप आऊटचा सिग्नल आवाजाच्या बटणाच्या आधीच काढलेला असतो. तू बटण कितीही फिरव, त्याला फरक पडत नाही. म्हणून तुझा नवा अॅम्प्लिफायर इंटिग्रेटेड असेल, म्हणजे त्याला स्वतःचे व्हॉल्यूम असेल, तर टेप आऊटमधून त्याच्या ‘ऑक्स’मध्ये तार घाल. उत्तम चालेल, जंपरलाही हात लावायला नको. पण व्हॉल्यूम नसलेल्या नुसत्या पॉवर अॅम्प्लिफायरला टेप आऊट जोडलास, तर पहिल्याच गाण्याला पूर्ण आवाज सुटेल आणि ट्वीटर जाईल. ‘फोनो’ लिहिलेल्या भोकात तर यातले काहीच घालू नको. तबकडीच्या सुईतून जेमतेम पाचेक मिलिव्होल्ट येतात, त्यासाठीच तो भाग बनवलेला. शिवाय तो बास फुगवतो आणि ट्रेबल दाबतो, कारण रेकॉर्ड कापताना नेमके उलटे केलेले असते.

स्पीकरच्या तारांमधून नव्या अॅम्प्लिफायरच्या इनपुटला सिग्नल द्यायची कल्पना कुणीतरी देईल. ऐकू नको. आणि दोन अॅम्प्लिफायरांचे आऊटपुट एकाच स्पीकरला तर कधीच जोडू नको. त्यात दोन्ही जळतात.

अमेरिकन माल म्हणून आणखी दोन गोष्टी. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाच. १२० लिहिले असेल तर आपल्या २३० वर थेट लावणे म्हणजे एका क्षणात धूर. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घे, पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा, आणि शक्यतो दोन वेगळ्या वाइंडिंगचा. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ असेल तर आपल्या ५० वर ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल, म्हणून पेटीवर पुस्तके रचू नको, तिला वारा लागू दे. दुसरे म्हणजे एफएम थोडे मंद वाटले तर स्पीकरला दोष देऊ नको. अमेरिकेत एफएम पाठवताना ट्रेबल एका प्रमाणात चढवून पाठवतात, त्याला ७५ मायक्रोसेकंद म्हणतात. आपल्याकडे आणि युरोपात ते ५०. मॅरँट्झ ७५ च्या हिशेबाने ट्रेबल उतरवतो, म्हणजे आपले स्टेशन त्यावर किंचित मंद, दाबलेले लागायला हवे. उलट चिरके लागत असेल तर गडबड दुसरीकडेच आहे. मंद लागले तर ट्रेबलचे बटण थोडे पुढे कर, इतकेच.

वर्षानुवर्षे बंद असलेला सेट थेट चालू करू नको. मेन कंडेन्सर सुकलेले असू शकतात. वायरिंगमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घाल. चालू केल्यावर बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगीत जळत राहिला तर बंद कर, आत शॉर्ट आहे. आणि ‘टेप मॉनिटर’चे बटण दाबलेले राहिले नाही ना, तेही बघ. ते दाबले की रेडिओचा आवाज येतच नाही. ‘बिघडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी सेटांचा रोग एवढाच असायचा.

आता गुणगुण. जोडल्यावर हम आला तर लगेच अर्थिंगची पिन मोडून मोकळे होणारे लोक आहेत. तू तसले करू नको. गुणगुण जाईल खरी, पण उद्या आत वायर निसटली तर शॉक बसेल तुला. आधी आवाजाची जात ओळख. खाली घुमणारा ५० हर्ट्झचा हम बहुतेक दोन पेट्यांच्या अर्थच्या चक्रातून येतो: दोघांचे प्लग एकाच बोर्डावर घे, तारा मेनपासून लांब ने, तबकडीची हिरवी अर्थवायर रिसीव्हरच्या स्क्रूला लागली आहे का बघ. जरा वरचा, भरड असा १०० हर्ट्झचा आवाज असेल तर तो कंडेन्सरचा. हे तपासताना रेकॉर्ड लावू नको. तुला कुमार गंधर्व आवडतात, सुळेभावीचे, आपल्याच पंचक्रोशीतले. पण त्यांच्या तंबोऱ्याखाली हम मजेत लपतो आणि तू ‘सगळे छान’ म्हणून झोपतोस. फोनो निवड, सुई वर ठेव, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा थोडे वर ने आणि नुसते ऐक. वडगावात असतास तर आणखी एक खरखर आली असती, मागांच्या मोटारींची, मीडियम वेव्हवर. तिच्यावर उपाय एकच: माग बंद होईपर्यंत थांबायचे.

चालू करताना आधी रिसीव्हर, मग थोड्या वेळाने अॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अॅम्प्लिफायर. उलट केलेस की स्पीकर ‘धप्प’ करतो, आणि त्याचा कोन रोज धक्का खायला बनवलेला नाही.

तुझा मित्र इथल्या मंगाई देवीच्या यात्रेत वापरतात तसला मंडळाचा अॅम्प्लिफायर स्वस्तात देतोय म्हणालास. तो मैदानासाठी आहे, मोनो आहे. त्याच्या मागे ‘१०० व्ही लाइन’ असे टर्मिनल असते, ते दूरवरच्या भोंग्यांसाठी. तुझ्या स्पीकरची तार चुकून तिथे लागली तर स्पीकर मेलाच. नको घेऊ. साधा, स्वतःचे व्हॉल्यूम असलेला स्टीरिओ इंटिग्रेटेड बघ, म्हणजे टेप आऊट ते ऑक्स एवढीच तार लागेल.

कुठला घेतोस ते ठरले की पैसे देण्याआधी त्याच्या पाठीचा फोटो पाठव. इनपुटचे आकडे वाचता येतील असा, उजेडात काढलेला. मॅरँट्झच्या पाठीचाही पाठव. ट्रान्सफॉर्मर मी इथे खडेबाजारात विचारून ठेवतो, पण पट्टीवरचा वॅटचा आकडा कळल्याशिवाय घेणार नाही.

तुझा,
मामा