नाव, खूण आणि विश्वास

(प्रवासी वाहतुकीचा नवा व्यवसाय सुरू करायचा म्हटले, की गाडी आणि पैसा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण प्रवाशांनी आपल्याला ओळखले नाही आणि आपल्यावर विश्वास ठेवला नाही, तर गाडी रिकामीच धावते. ही ओळख कशी घडते, हे या पाठात काही खऱ्या उदाहरणांवरून सांगितले आहे.)

तुम्ही एस.टी. स्टँडवर कधीतरी गेला असालच. तिथे गर्दी असते, गोंगाट असतो. एखादी म्हातारी आजी गाठोडे घेऊन बसलेली असते. तिला पाटी वाचता येत नाही. तरी दुरून लाल रंगाची गाडी दिसली, की ती उठून उभी राहते. ही आपली एस.टी., हे तिला कोणी सांगावे लागत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे साध्या गाड्यांच्या लाल रंगामुळे लोकांनीच एस.टी.ला ‘लालपरी’ असे लाडके नाव दिले. नाव, रंग आणि खूण यांमुळे एखादी सेवा चटकन ओळखता येते. तिलाच आपण त्या सेवेची ‘ओळख’ म्हणतो.

मुलांनो, अशी ओळख आपोआप होते का? कधी लोक ती घडवतात, तर कधी ती विचारपूर्वक घडवावी लागते. लंडन शहराचे उदाहरण पाहा. तिथे जमिनीखालून आगगाड्या धावतात. सुरुवातीला या गाड्या निरनिराळ्या कंपन्यांच्या होत्या. स्टेशनांच्या भिंती जाहिरातींनी भरलेल्या असत. त्या गर्दीत स्टेशनचे नाव कुठे लिहिले आहे, हेच प्रवाशांना दिसत नसे. म्हणून १९०८ साली एक उपाय करण्यात आला. लाल रंगाची मोठी गोल तबकडी आणि तिच्यावर आडवी निळी पट्टी, अशी पाटी तयार झाली. निळ्या पट्टीवर स्टेशनचे नाव लिहिले. आता धावत्या गाडीतूनही नाव चटकन दिसू लागले.

तिथले एक अधिकारी फ्रँक पिक एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून खास अक्षरे तयार करून घेतली. १९१६ सालची ती अक्षरे साधी, सरळ आणि सुवाच्य होती. जॉन्स्टन यांनी पुढे तबकडीच्या जागी लाल कडे आणले. त्यानंतर हॅरी बेक नावाच्या नकाशा काढणाऱ्या माणसाने १९३१ साली सर्व मार्गांचा एक नवा नकाशा काढला. त्यात खरे अंतर दाखवले नव्हते. सर्व रेषा उभ्या, आडव्या किंवा तिरप्या होत्या आणि प्रत्येक मार्गाचा रंग वेगळा होता. अधिकाऱ्यांनी तो नकाशा आधी नाकारला. पण १९३३ साली तो लोकांच्या हाती पडला आणि त्यांना फार आवडला. प्रवाशाला जमिनीवरचे अंतर नको होते. कोणत्या स्टेशनवर गाडी बदलायची, एवढेच त्याला हवे होते.

मेक्सिको शहरात याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. तिथली भुयारी रेल्वे १९६९ साली सुरू झाली. त्या वेळी शहरातील पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून लान्स वायमन या चित्रकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक स्टेशनला एक चित्र दिले. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ ‘नाकतोड्याची टेकडी’ असा आहे. म्हणून त्या स्टेशनची खूण नाकतोडा! निरक्षर माणूसही “नाकतोड्याजवळ उतरायचे” असे सांगू लागला. चांगली खूण कोणालाही कमी लेखत नाही. ती सर्वांना बरोबर घेऊन जाते.

आता आपल्या देशातील एक गोष्ट ऐका. ती २००५ सालच्या दिवाळीची आहे. फणींद्र सामा नावाचा एक तरुण इंजिनिअर बंगळूरला नोकरी करत होता. सणासाठी त्याला हैदराबादला जायचे होते. ईद असो की दिवाळी, सणाला घरी जाण्याची ओढ सर्वांना सारखीच असते. तो तिकिटासाठी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला. त्याने खूप पायपीट केली. पण तिकीट मिळाले नाही. त्याचा हिरमोड झाला. त्या वर्षी त्याची दिवाळी बंगळूरलाच गेली.

खोलीवर बसून तो विचार करू लागला. खरेच सर्व गाड्या भरल्या होत्या का? शोध घेतल्यावर त्याला वेगळीच गोष्ट समजली. खाजगी बसचे मालक आपल्या काही जागा एका एजंटाला, काही दुसऱ्याला देत. कोणाकडे किती जागा उरल्या, हे बाकीच्यांना कळत नसे. विचारायचे तर प्रत्येकाला टेलिफोन करावा लागे. त्यामुळे एका दुकानात प्रवासी परत जात असे आणि दुसरीकडे गाडी रिकाम्या जागा घेऊन निघत असे. गाड्या होत्या, प्रवासीही होते. कमी होती ती माहितीची.

फणींद्रने सुधाकर पसुपुनुरी आणि चरण पद्मराजू या दोन मित्रांना सोबत घेतले. तिघेही पिलानीच्या एकाच महाविद्यालयात शिकलेले होते. बसच्या धंद्यातील त्यांना काहीच ठाऊक नव्हते. म्हणून ते प्रवाशांना, एजंटांना आणि बसमालकांना भेटले. त्यांनी आधी बसमालकांसाठी संगणकावरचा एक कार्यक्रम तयार केला. मालकांनी तो घेतला नाही. वही आणि टेलिफोन यांवर त्यांचे काम चालत होते. मित्र निराश झाले. पण त्यांनी काम सोडले नाही. अनुभवी सल्लागारांनी त्यांना आपला मार्ग बदलायला सांगितले. तेव्हा त्यांनी स्वतःच संकेतस्थळावरून तिकिटे विकण्याचा चंग बांधला. २००६ साली त्यांची सेवा सुरू झाली. तिचे नाव होते ‘रेडबस’.

या नावाकडे जरा लक्ष द्या. रेड म्हणजे लाल. दोनच छोटे शब्द! नाव ऐकताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. ते उच्चारायला सोपे आहे, टेलिफोनवर सांगायला सोपे आहे. ते लिहिताना चूक होण्याची भीती कमी आहे. संकेतस्थळासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची असते. संकेतस्थळाचा पत्ता एका अक्षराने चुकला, तरी माणूस भलतीकडेच पोचतो. शिवाय नावातच रंग असल्यामुळे खूण कोणत्या रंगाची असावी, हा प्रश्नच उरला नाही.

मग संकेतस्थळ कसे असावे? प्रवाशाचे मुख्य प्रश्न तीनच असतात: कोठून, कोठे आणि केव्हा. म्हणून पहिल्याच पानावर हे तीन रकाने हवेत. त्यानंतर गाड्यांची यादी, सुटण्याची वेळ आणि भाडे दिसले पाहिजे. पुढे बसमधील जागांचे चित्र हवे. कोणती जागा रिकामी आहे, खिडकीजवळची कोणती आहे, हे त्यावरून समजते. गाडीत कुठे चढायचे आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे ठळक अक्षरांत असावे. नुसत्या सजावटीने पान सुंदर दिसेल. पण घाईत असलेल्या प्रवाशाला त्याचा काय उपयोग?

तुम्ही उर्दू आणि मराठी अशा दोन लिपी वाचता. म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट लवकर समजेल. आपल्या राज्यात अनेक भाषा बोलणारे प्रवासी आहेत. निवडलेले नाव निरनिराळ्या लिपींत नीट लिहिता येते का, हे पाहावे लागते. मराठीतील ‘ळ’ आणि ‘ण’ यांसाठी उर्दूत नेहमीची अक्षरे नाहीत. म्हणून जळगावचे ‘जलगाव’ होते. मराठीचे पान डावीकडून उजवीकडे वाचतात; उर्दूचे पान उजवीकडून डावीकडे. नाशिकहून पुण्याला जाणारा बाण मराठी पानावर उजवीकडे वळलेला असेल, तर उर्दू पानावर तो डावीकडे वळवावा लागेल. तो तसाच ठेवला, तर गाडी पुण्याहून नाशिकला जाते असे वाचणाऱ्याला वाटेल! गंमत म्हणजे दोन्ही लिपींत आकडे मात्र डावीकडूनच लिहितात. अशा लहान लहान गोष्टींचा विचार संकेतस्थळ करणाऱ्याला करावा लागतो.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. दुसऱ्याच्या नावासारखे किंवा खुणेसारखे नाव आणि खूण घेणे योग्य नाही. त्यामुळे प्रवासी फसतात. आपल्या देशात यासाठी १९९९ सालचा व्यापारचिन्ह कायदा आहे. या कायद्यानुसार आपले नाव आणि चिन्ह नोंदवता येते. ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती पुन्हा वाढवता येते.

नाव झाले, खूण झाली, संकेतस्थळही झाले. आता सर्व काम संपले का? नाही. खरी परीक्षा तर इथूनच सुरू होते. न पाहिलेल्या माणसाच्या हाती आपण पैसे देतो. रात्रीच्या वेळी सामान घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतो. सोबत लहान भाऊ असतो, आजारी आई असते. गाडी आलीच नाही तर? तेव्हा सुंदर चिन्हाचा काही उपयोग नसतो. म्हणूनच रेडबसच्या तरुणांनी सुरुवातीला मोठ्या कार्यालयांच्या बाहेर उभे राहून माहितीपत्रके वाटली, लोकांशी ते स्वतः बोलले. पुढे प्रवास झाल्यावर गाडी कशी होती, हे प्रवाशांनाच लिहिता येऊ लागले. चांगल्या गाडीचे कौतुक झाले आणि वाईट गाडीचे दोष सर्वांना दिसले. ज्या बसमालकांनी पूर्वी संगणक नाकारला होता, त्यांच्यासाठी नवा कार्यक्रम तयार झाला आणि पुष्कळांनी तो वापरला. २०१३ साली एका मोठ्या उद्योगसमूहाने ही कंपनी विकत घेतली. पुढे भारताबाहेरही तिची सेवा सुरू झाली. एका तरुणाची दिवाळी हुकली; पण त्यातून लाखो लोकांची घरची वाट सोपी झाली.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मालेगावात टेम्पोची सेवा सुरू करील, कोणी भिवंडीत मालवाहतुकीची कंपनी काढील. तेव्हा चांगले नाव शोधा, साधी खूण निवडा, उपयोगी संकेतस्थळ तयार करा. पण एक गोष्ट विसरू नका. नाव पाटीवर रंगवता येते, विश्वास रंगवता येत नाही. तो दररोज वेळेवर येणाऱ्या गाडीबरोबर थोडा थोडा येतो. शब्द पाळणे, हीच सर्वांत मोठी ओळख आहे.

शब्दार्थ

खूण – चिन्ह, निशाण
सुलेखनकार – सुंदर अक्षर काढणारा, खुशनवीस
सुवाच्य – सहज वाचता येईल असे
निरक्षर – लिहिता-वाचता न येणारा
ओढ – मनापासून वाटणारी इच्छा
संकेतस्थळ – वेबसाइट
रकाना – माहिती लिहिण्यासाठी आखलेली जागा
पायपीट करणे – पुष्कळ चालून दमणे
हिरमोड होणे – निराश होणे
चंग बांधणे – पक्का निश्चय करणे
शब्द पाळणे – दिलेले वचन पूर्ण करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) पहिली एस.टी. कोणत्या मार्गावर धावली?
(२) चापुल्तेपेक स्टेशनची खूण कोणती आहे?
(३) फणींद्र सामाला दिवाळीत कोठे जायचे होते?
(४) प्रवाशाचे मुख्य तीन प्रश्न कोणते?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(१) लंडनमधील स्टेशनांवर नवी पाटी का लावावी लागली?
(२) गाड्यांत जागा असूनही प्रवाशांना तिकीट का मिळत नसे?
(३) उर्दू पानावर बाण का वळवावा लागतो?

प्र. ३. योग्य जोड्या लावा.
‘अ’ गट: (१) हॅरी बेक (२) एडवर्ड जॉन्स्टन (३) लान्स वायमन (४) चरण पद्मराजू
‘ब’ गट: (अ) स्टेशनांची चित्रे (आ) रेडबस (इ) मार्गांचा नकाशा (ई) सुवाच्य अक्षरे

प्र. ४. “नाव पाटीवर रंगवता येते, विश्वास रंगवता येत नाही.” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
पायपीट करणे, हिरमोड होणे, चंग बांधणे

भाषाभ्यास

(१) उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. पाहा: तो रंग, ती खूण, ते नाव. पुढील शब्दांपूर्वी तो, ती, ते यांपैकी योग्य शब्द लिहा.
नकाशा, गाडी, तिकीट, चिन्ह, पाटी, विश्वास
(२) वचन बदला: खूण, पाटी, नकाशा, चिन्ह, गाडी

उपक्रम

तुमच्या गावात एक नवी रिक्षासेवा सुरू होणार आहे, अशी कल्पना करा. तिच्यासाठी मराठी व उर्दू अशा दोन्ही लिपींत लिहिता येईल असे नाव शोधा. वाचता न येणाऱ्यालाही ओळखता येईल अशी खूण काढा. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर काय काय असावे, ते वहीत आखून दाखवा.