लग्न, वादळ आणि छायाचित्रकार

मुलांनो, लग्नाचे फोटो तुम्ही हौसेने पाहता. ते काढणाऱ्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. आज तुम्ही त्याच्या जागी उभे राहून पाहा.

समजा, मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर एक छोटेसे लग्न आहे. मुंबईहून चाळीस पाहुणे आले आहेत. नारळीच्या बागेत मांडव घातला आहे. समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. पाच वाजता निकाह आणि सूर्यास्ताच्या वेळी वाळूवर वधूवरांचे फोटो, असे ठरले आहे. पण दुपारीच पश्चिमेकडे आभाळ काळवंडू लागते. आता तुम्ही काय कराल?

प्रथम हवामानाचा अंदाज पाहा. भारतीय हवामान विभाग चार रंगांत सूचना देतो. हिरवा रंग म्हणजे काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब पावले उचला. 'इशारा' हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचा आहे. उर्दूत तो 'खूण' या अर्थाने येतो. मराठीत मात्र 'धोक्याची पूर्वसूचना' हा त्याचा अर्थ अधिक रूढ आहे.

या किनाऱ्याला इशाऱ्याची किंमत माहीत आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. हजारो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवले होते, म्हणून मोठी प्राणहानी टळली.

तेव्हा इशारा लाल असेल, तर मांडव आणि फोटो दोन्ही विसरा. सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे. कार्य पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

इशारा पिवळा असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांशी बोला. "चाचा, निकाह थोडा लवकर आणि घराच्या पडवीत उरकून घेऊ या," असे नम्रपणे सुचवा. मग महत्त्वाचे फोटो आधी काढा: वधूवरांची कबुली, निकाहनाम्यावरील सह्या, आजी-आजोबांबरोबरचा फोटो. वाळूवरचा फोटो दुसऱ्या दिवशीही काढता येईल. सही करताना थरथरणारा हात पुन्हा टिपता येणार नाही.

ढगाळ हवेला घाबरू नका. उघड्या उन्हात डोळ्यांखाली गडद सावल्या पडतात. ढगांतून येणारा प्रकाश सगळीकडे पसरतो, त्यामुळे चेहरे सौम्य दिसतात. पडवीच्या कडेला उभे केले, तर पुरेसा उजेडही मिळतो.

विजेशी मात्र खेळ नको. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे एक किलोमीटरवर आहे, असे समजावे. गडगडाट ऐकू येताच सर्वांना आत घ्या. मोकळ्या वाळूवर किंवा झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नका. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. फोटोंचे कार्ड काढून खिशात जपून ठेवा. कॅमेरा नवा घेता येतो. त्या दिवसाचे फोटो विकत मिळत नाहीत.

उद्या अल्बम उघडेल, तेव्हा त्यात कदाचित सूर्यास्त नसेल. पण पडवीत दाटीवाटीने उभी असलेली सारी माणसे असतील आणि ती सुखरूप घरी पोहोचलेली असतील. चांगल्या छायाचित्रकाराचे खरे काम तेच आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाल रंगाच्या सूचनेचा अर्थ काय?
(आ) 'निसर्ग' चक्रीवादळ कोणत्या दिवशी आले?

२. कारणे लिहा.
(अ) ढगाळ हवेत चेहरे सौम्य दिसतात.
(आ) सह्यांचा फोटो आधी काढावा.

३. वाक्यात उपयोग करा: काळवंडणे, पुढे ढकलणे, सुखरूप.

४. तुमच्या घरच्या समारंभात अचानक पाऊस आला, तर तुम्ही कोणती मदत कराल? पाच वाक्ये लिहा.