लेकरांचे सगळे दिवस हंगामातच येतात

आई-बापांनो,

शाळेच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि साखर कारखान्याचा हंगाम एकदा शेजारी ठेवून बघा. १४ नोव्हेंबर, बालदिन. २० नोव्हेंबर, जगभरचा बालहक्क दिवस. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, म्हणजे आपल्या राज्यातला बालिका दिन. २४ जानेवारी, राष्ट्रीय बालिका दिन. लेकरांच्या नावाचे हे चारही दिवस गाळपाच्या महिन्यांत पडतात. देश लेकरांचं कौतुक करत असतो तेव्हा आपल्या धारूर तालुक्यातली कितीतरी लेकरं सांगली, कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या उसाच्या फडात, कोपीच्या म्हणजे झोपडीच्या दारात बसलेली असतात. शाळेत आम्ही पंडित नेहरूंच्या फोटोला हार घालतो, भाषणं होतात, खाऊ वाटतो. हजेरी घेताना मात्र एक नाव वाचलं की उत्तर येतं, ‘गेला सर.’ दुसरं वाचलं की, ‘ती बी गेली.’

म्हणून बालदिनाबद्दल मला जे बोलायचंय ते हार-फुलांचं नाही. लेकराला वर्षभर एका जागी, आपल्या वयाचं राहता आलं पाहिजे, एवढाच या दिवसाचा अर्थ मी धरतो. आणि आपल्या भागात तो १४ नोव्हेंबरला ठरत नाही. तुम्ही ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेता त्या दिवशी ठरतो.

मुकादम कोयता मोजतो. कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल ठरते ती जोडीची, लेकराचं नाव त्या हिशेबात कुठंच नसतं. पण फडात गेल्यावर कामात त्याचा वाटा आपोआप पडतो. पहाटेच्या अंधारात तुम्ही उसाला भिडता, तेव्हा नऊ-दहा वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीत असते. पाणी तीच आणते, चुलीकडं तीच बघते. थोरला पोरगा उसाचं वाढं बांधतो, मोळी उचलायला हात लावतो. त्याला कामगार कुणी म्हणत नाही आणि विद्यार्थीही म्हणत नाही.

तुम्ही हे हौसेनं करत नाही, हे मला ठाऊक आहे. तेलगावला तालुक्यातच साखर कारखाना आहे, तरी बालाघाटावरच्या मुरमाड रानाचा माणूस चार-सहा महिने दूरचा ऊस तोडायला जातो, कारण पाऊस झाला तर एक पीक येतं आणि दवाखाना, लग्न, घर हे सगळं उचलीवर चालतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला ‘मुलांकडं लक्ष द्या’ असं वरून सांगणाऱ्यांचा मला रागच येतो. लेकराला सोबत नेण्यात माया असते. मागं ठेवण्यातही मायाच असते. प्रश्न एवढाच की दोन्हींतलं लेकराच्या भल्याचं कोणतं, आणि ते निभावायला गावानं आणि सरकारनं काय दिलं पाहिजे.

पोरीचं तर आणखी अवघड. ती वयात आली की आजीजवळ ठेवायची भीती वाटते आणि फडात न्यायचीही भीती वाटते. या दोन भीतींच्या मधोमध एक सोपी वाट दिसते, ती म्हणजे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. शंभरातल्या चाळीस पोरी म्हणजे आमच्या आठवी-नववीच्या वर्गातल्या जवळजवळ निम्म्या. कारणं तुम्हांला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत. पोराचं लग्न झालं की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो, जोडीला उचल मिळते. पोरीच्या बापाला वाटतं, जबाबदारी उतरली.

पण ती उतरत नाही, पोरीच्या अंगावर जाते. सोळाव्या वर्षी सून झालेली मुलगी पुढच्याच हंगामात कोयता हातात घेते. गरोदरपणात मोळ्या वाहते. बाळंत झाल्यावर झोळीतलं बाळ बांधावर ठेवून परत फडात उतरते, कारण खाडा पडला की पैसे कापतात. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, चौकशीला समिती नेमली. त्या बायकांतल्या कित्येकींची लग्नं कोवळ्या वयातच झाली होती. मी हे भीती घालायला सांगत नाही. ज्या पोरीला मी वर्गात कविता म्हणताना ऐकलंय, ती काही वर्षांनी अशा बायकांच्या यादीत असू नये, असं मला मनापासून वाटतं. कायद्यानं मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पुरी लागतात. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, आणि १०९८ हा फोन कुणालाही, खुद्द पोरीलाही करता येतो. तो नंबर तिला पाठ असू द्या. तिनं तो लावला तर तिच्यावर रागावू नका.

आता लेकराला मागं ठेवण्याचं. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात. लेकरू गावातच राहतं, जेवण मिळतं, शाळा तुटत नाही. ती चालवण्यात शाळा व्यवस्थापन समितीचा हात असतो, आणि या समितीत तीन चतुर्थांश माणसं पालकच असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे समिती ही दुसऱ्या कुणाची नाही, तुमची आहे. दिवाळीत गाडी भरताना वसतिगृहाची चौकशी केली तर उशीर झालेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरातच शाळेत या, कुणाकुणाची लेकरं राहणार ते लिहून द्या, प्रस्ताव वेळेत गेला का ते विचारा. वसतिगृह हंगाम सुरू झाल्यावर उघडलं तर तोवर लेकरं गेलेली असतात, मग ते कागदावरच चालतं. हे विचारायचा अधिकार तुमचा आहे. आम्हा शिक्षकांनाही विचारा. मोठ्या मुलामुलींसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आणली, तिथंही अर्ज वेळेत गेला पाहिजे.

आजी-आजोबांकडं ठेवणार असाल तर त्यांच्या हातात थोडे पैसे आणि शेजारच्या एका घराचा शब्द ठेवून जा. रात्री फोन कराल तेव्हा अभ्यासाचं शेवटी विचारा. आधी आज काय खेळलास, कुणाशी भांडलास, ते विचारा.

धारूर शहरातल्या, नोकरी-धंद्यातल्या पालकांनाही दोन शब्द. तुमच्या मुलाच्या शेजारचं बाक नोव्हेंबरात रिकामं होतं, ते का, हे त्याला घरी सांगा. आणि ते मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत आलं की ‘मागं पडलेलं’ म्हणून त्याच्याकडं बघू देऊ नका.

ज्यांना सोबत न्यावंच लागतं, त्यांना बोल लावायचा नाही. फक्त जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं ६ ते १४ वयाच्या लेकराला जिथं जाल तिथल्या शाळेत वयाप्रमाणं वर्ग मिळतो, अर्ध्या वर्षात गेलं तरी. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. कारखान्याजवळच्या गावात मराठी शाळा कुठं आहे ते टोळीनं मिळून पहिल्याच आठवड्यात विचारा. एकटी बाई गेली तर लाजते, दहा जण गेले तर मुख्याध्यापक खुर्च्या देतात.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि गावाकडं आलात की लेकराला आधी शाळेत आणा. परीक्षा होऊन गेली असली तरी आणा. सहा महिन्यांचं काय राहिलं ते आम्ही बसून बघू, सुट्टीतही बघू.